दोन सह्यांचा प्रबंध

"दोन भागांचा हट्ट मी सोडला," मादाम कीफर म्हणाल्या. "प्रबंध हेन्शेल सरांच्या पद्धतीने होऊ दे. माझी हरकत नाही."

इलिंकाचा कानांवर विश्वास बसेना. तीन वर्षं या बाई तिच्या मार्गदर्शक होत्या. स्ट्रासबुर्गमध्ये कायदा शिकवणारं माणूस दोन भागांचा हट्ट सोडतं? इथे खून असो की लग्न, विषय दोनच भागांत बसवायचा आणि प्रत्येक भागाची दोन प्रकरणं पाडायची. तिसरा भाग सुचलाच, तर आपल्याला विषय कळलेला नाही असं समजून गप्प बसायचं. पहिल्या वर्षी इलिंका भाबडेपणाने तीन भागांचा आराखडा घेऊन गेली, तेव्हा बाईंनी तो न वाचताच परत दिला होता. आणि आज त्या कुगेलहोफ केक कापता कापता, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तशा हे बोलत होत्या.

"छे, छे. दोन भागच ठेवा," हेन्शेल सर म्हणाले. "मला ते आता पटलंय."

आता मात्र इलिंका पुरती चक्रावली. सर तिचे दुसरे मार्गदर्शक, ऱ्हाइन नदीपलीकडच्या, दुसऱ्या देशातल्या फ्रायबुर्गचे. दोन भागांना ते शिंपीकाम म्हणायचे. कापड पुरो न पुरो, पायजम्याला पाय दोनच. त्यांच्याकडे आधी कोण काय म्हणालं, त्यावर कुणी काय आक्षेप घेतला, हे सगळं ओळीने मांडायचं. पान तळटिपांनी अर्धं भरायचं. शंभर वर्षांपूर्वी वारलेल्या प्राध्यापकालाही वगळलं म्हणून वाईट वाटता कामा नये.

इलिंकाची शिष्यवृत्ती या दोन विद्यापीठांनी मिळून दिलेली होती. विद्यार्थिनी एक, मार्गदर्शक दोन, प्रबंध एक आणि त्यावर दोघांच्या सह्या. "अगं, एक पुस्तक लिहायला दोन गावं कशाला लागतात?" असं तिची आई रोमानियातून दर फोनवर विचारायची. विषय साधा होता. एका देशातल्या कारखान्याचं घाण पाणी दुसऱ्या देशातल्या विहिरीत उतरलं, तर जबाबदार कोण? बाईंच्या मते कारखान्याचा मालक. सरांच्या मते त्याला परवानगी देणारं सरकार. आज दोघांनी एकाच मसुद्यावर सही केली नाही, तर शेवटच्या वर्षाची शिष्यवृत्ती बंद होणार होती. मग बॅग भरायची आणि रोमानियात, याशला आईकडे परत जायचं.

म्हणून इलिंकाने कुणालाच कधी नाही म्हटलं नव्हतं. तिने गुपचूप दोन प्रबंध लिहिले होते. नदीच्या अलीकडे दोन भाग आणि दोषी मालक. पलीकडे तळटिपा आणि दोषी सरकार. शेवटी दोन्ही कसे तरी एकत्र शिवू, असं ती स्वतःला बजावत आली होती. ते काही तिला जमलं नाही. परवा सहीसाठी मसुदा मागितला गेला, तेव्हा तिने ज्याचा त्याला पाठवून दिला आणि आज काय व्हायचं ते होवो म्हणून ती इथे येऊन बसली होती. भांडण होणार हे तिने गृहीत धरलं होतं. हे असलं काही तिच्या हिशेबातच नव्हतं.

दोघांचं तर संपेचना. बाई म्हणत, तुमच्या तळटिपांत शिस्त आहे. सर म्हणत, तुमच्या मांडणीत चमक आहे. दारात "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत खोळंबलेल्या पाहुण्यांसारखी दोघं सहीपाशी अडून बसली. ऐकता ऐकता इलिंकाची नजर टेबलावरच्या प्रतींवर गेली. बाईंच्या पुढ्यातलं पान तळटिपांनी अर्धं भरलेलं होतं. सरांच्या प्रतीवर ठळक अक्षरांत 'भाग पहिला' लिहिलेलं होतं.

पाठवताना अदलाबदल झाली होती. प्रत्येकाला वाटलं होतं, पोरगी दुसऱ्याच्या बाजूला गेली; आता आपण ताणून धरलं तर तिचं वर्ष जाईल. तेवढ्यासाठी दोघांनी जन्मभराचा हट्ट बाजूला ठेवला होता. इलिंकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अजूनही गप्प बसता आलं असतं. पण समोरच्या या दोन चांगल्या माणसांना आणखी फसवणं तिच्याने होईना.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "मी दोन प्रबंध लिहिलेत. तुम्हाला सरांचा गेला, आणि सरांना तुमचा."

दोघांनी प्रती बदलून घेतल्या. सर आपला प्रबंध चाळताना दोनदा समाधानाने हुंकारले, मग भानावर येऊन त्यांनी तो मिटला. सही नेमकी कशावर करायची, असं त्यांनी तिला विचारलं.

"तुम्ही सांगाल त्यावर," इलिंका लगेच म्हणाली.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या रागावल्या नव्हत्या, आणि त्यामुळेच इलिंकाला जास्त भीती वाटली.

"एक माझ्यासाठी लिहिलास, एक त्यांच्यासाठी," बाई म्हणाल्या. "बरं. आता तू सांग, त्या विहिरीला जबाबदार कोण? तू जे म्हणशील त्यावर आम्ही सही करू."

इलिंकाने तोंड उघडलं. सवयीने तिने आधी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग सरांच्या. दोघांच्याही चेहऱ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. त्या घाण पाण्यावर तिने तीन वर्षांत दोन प्रबंध लिहिले होते, आणि तिला स्वतःला काय वाटतं, ते एकातही नव्हतं.