वाफ्यावरचं मीठ

२०१८ साली पेणच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई हौसावर रागावल्या. "मावशी, काकांचं प्रेशर उतरत नाही. जेवणातलं मीठ बंद केलंत ना?"

"वर्ष झालं, दोघंबी अळणी जेवतोय गो बाय!" हौसाचे डोळे भरले.

"काका, कामाला कुठे जाता?"

"मिठागरावर," हिरामण म्हणाला.

"तिथे तोंडात काही टाकता?"

"नाय. मीठ पिकलं का, ते चाखतो. वाफ्यावाफ्याला."

"आवं, मग मी अळणी कशाला गिळतेय?" हौसा हसत सुटली.

डॉक्टरीणबाई पुढे रोह्याला गेल्या. हिरामणचं प्रेशर उतरलं. आता तो फावडं घेऊन बांधावर थांबतो, आणि हौसा चाखून मान हलवते. घरी दोघं अजून अळणीच जेवतात. दिवसभरात तिच्या जिभेला मीठ लागतं, ते तेवढंच.