शेवटचा बैल

रानातली लाकूडतोड आटपून कान्हू घरी आला, तेव्हा त्याची चार वर्षांची लेक तुळजा करवंट्या, चिंचोके, लाकडी बैल एकेक करून वेताच्या टोपलीत भरत होती. शेवटचा बैल तेवढा हातात राहिला होता. कान्हूनं टोपलीच लवंडली. सगळं पुन्हा घरभर झालं.

"रोजचंच हाय तुझं!" त्याची थोरली बहीण गिरजा कडाडली. "एवढीशी पोरगी आपणहून आवरतीया, आन् तू सांडतोस व्हय रं?"

रडवेली तुळजा पुन्हा चिंचोके वेचायला बसली.



मानमोडीच्या साथीत बायको गेली, त्या दिवशी त्यानंच लेकीला सांगितलं होतं, "समदा पसारा आवरलास, की आई येतीया बघ माहेरास्नं."