उजैरची झोप

हिंजवडीतल्या कंपनीत दुपारच्या मीटिंगला उजैरच्या पापण्या पुन्हा मिटायला लागल्या, तेव्हा त्याचा टीम लीडर अभिनव सगळ्यांसमोर म्हणाला, "उजैर, उशी मागवू का? झोपायचा पगार देतात का इथे?" सगळे हसले. "सॉरी सर," एवढंच उजैर म्हणाला. त्याच आठवड्यात अभिनवने त्याला प्रोजेक्टवरून काढलं.

पुढे कळलं, की ती झोप नव्हतीच. उजैरच्या छातीत, दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत गाठ वाढत होती. तिच्यामुळे स्नायूंतली ताकद इतकी जात होती, की त्याला पापण्यासुद्धा उघड्या ठेवता येत नव्हत्या.

ऑपरेशन झाल्यावर अभिनव माफी मागायचं ठरवूनच हॉस्पिटलात गेला. तो काही बोलायच्या आत उजैरची आई, हुस्नबानू, हात जोडून उभी राहिली.

"सर, तुम्ही रागावलात म्हणून हा डॉक्टरांकडे गेला. गाठ वेळेवर सापडली. तुम्हाला आधीच शंका आली होती ना?"

पलंगावरून उजैर त्याच्याकडे बघत होता.

 

"हो," अभिनव म्हणाला.