गोदूताईंची कुंची

"आजी, कार्डावर काय लिहू? ही कुंची अर्धवट का राहिली?" वस्त्रसंग्रहालयातल्या मुलीनं विचारलं.

गोदूताईंनी तोंड फिरवलं. चौघा भावांच्या कुंच्या आईनं जरीच्या काठासकट पुऱ्या केल्या होत्या. गोदूताईंच्या कुंचीत मात्र गंजलेली सुई तशीच टोचलेली. "पाचवी मी, त्यातून मुलगी. कोण हौस करणार?" सत्त्याहत्तर वर्षं कुणाला न दाखवलेला सल आज ओठावर आलाच.

बरोबर आलेले थोरले दादा खो खो हसले. "अगं वेडे, त्या दुपारी मी आईजवळच होतो. शिवता शिवता कळा आल्या, सुई टोचून ती उठली. तू महिनाभर आधीच आलीस, मुठीएवढी!"

"मग नंतर तरी पुरी करायची!"

"कशी करणार? मी कितीदा कुंची नेऊन दिली. पण तुला मांडीवरून खाली ठेवायचं ती नावच काढीना. शिवायला हात नकोत मोकळे?"

गोदूताईंनी हसतहसत पदरानं डोळे टिपले. मग कधी नव्हे एवढ्या ऐटीत ताठ बसून त्या म्हणाल्या, "लिही गं. कारण, मी. आणि मोठ्या अक्षरात लिही!"