रिकामा चौकोन

राघवला रीत म्हणून नाही, ही कल्पनाबाईंची तक्रार. अलीगंजच्या घरी यायचं, मोठ्या माणसाची तब्येतही विचारायची नाही आणि चपलांसकट थेट देवयानीच्या कागदावर वाकायचं. त्यांनी चहा मुद्दाम पाहुण्यांच्या कपात दिला. त्यानं तो पाहिलासुद्धा नाही.

महिन्यापूर्वी देवयानीनं ऑफिसात एक आराखडा मांडला होता. गावातलं दूध गार ठेवणाऱ्या पेटीचा. नुसते चौकोन आणि बाण. तिचा नवरा राघव तिथंच इंजिनीअर. ही तर ठिकरी टाकून लंगडी खेळायची घरं आहेत, असं तो सगळ्यांदेखत म्हणाला. तेव्हापासून देवयानी कल्पनाबाईंजवळ आणि राघव निशातगंजला भाड्याच्या खोलीत.

आज तो तिला न्यायला आला होता. अट एकच, उद्याच्या मीटिंगमध्ये तिनं चूक कबूल करायची.

“अच्छा, या चौकोनात कॉम्प्रेसर नाही, तर आहे काय?”

“उष्णता बाहेर न्यायची, एवढंच,” देवयानी म्हणाली. “कशानं, ते अजून ठरलं नाही. बर्फानं, ओल्या पोत्यानं, तुझ्या कॉम्प्रेसरनंही.”

“वस्तूच नाही, तर चौकोन काढायचा कशाला?”

“घाईनं भलतीच वस्तू कोंबू नये म्हणून.”

कागद एकच. तिला त्यात काम दिसत होतं, त्याला यंत्राचे भाग. तिसरीपर्यंत शिकलेल्या कल्पनाबाईंना नुसत्या रेघा दिसत होत्या. पण आवाज कुणाचा चढतोय ते कळायला शाळा लागत नाही. त्या पुसलेला ओटा पुन्हा पुसत होत्या, दारापर्यंत येत होत्या, परत फिरत होत्या. मियाँ-बीवी के बीच मत पड़िए, असं शेजारच्या मिश्राइन सकाळीच सांगून गेल्या होत्या. नाही पडायचं, आणि ही पोर निघून गेली तर?

शेवटी राघवनं देवयानीची बॅग आतून आणून दारात आदळली. निघायचं तर आत्ता, नाहीतर कायमचं इथंच राहा, असं सुनावलं. आई मध्ये पडणार नाही, हेही वर सांगून टाकलं.

देवयानी उठली. कुणाकडे न बघता तिनं बॅगेचा पट्टा धरला.

कल्पनाबाईंनी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि त्या राघवसमोर उभ्या राहिल्या.

“तू माझ्या पोटी आलास, ते माझ्या हातात नव्हतं. ही सून मी पारखून आणली. दोघांतलं एकच घरात ठेवायचं झालं, तर मी पारखलेलं ठेवीन.”