पाटीवरचं वर्ष

नव्या बाईंची नोकरी कायम करायची की नाही, हे ठरवायला मुख्याध्यापिका शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. नववीचा वर्ग इतिहासाच्या तासाला धुडगूस घालायचा. बाईंनी त्याला एकच सवय लावली होती, कोणी काहीही सांगितलं की विचारायचं, ‘कशावरून?’ तास छान झाला. निघताना मुख्याध्यापिका म्हणाल्या, “आपली शाळा शंभर वर्षांची आहे, अभिमान बाळगा.” वर्गातली बडबडी मुलगी उठली. “कशावरून, मॅडम?” मुख्याध्यापिकांनी बाहेर बोट दाखवलं. “दारावरच्या पाटीवर वर्ष आहे की.” “पाटी कोणी लावली?” बाईंना तिला गप्प बसवता आलं असतं; त्यांनी बसवलं नाही. मुख्याध्यापिका म्हणाल्या, “मीच लावली. वर्ष ऐकीव होतं.” न सांगता चाळीस वह्या उघडल्या. “जुनी रजिस्टरं काढा, खरं वर्ष शोधा,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “तुमच्या बाई आता इथल्याच.”