चित्राखालची पट्टी

आई दर शुक्रवारी दिवस मावळायच्या आत पडदे ओढून घ्यायची आणि मगच शब्बाथच्या, म्हणजे आमच्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाच्या, दोन मेणबत्त्या लावायची. आपण ज्यू आहोत हे इमारतीतल्या कुणालाही कळता कामा नये, असा तिचा दंडकच होता. मी मोठी होऊन चित्रकार झाले आणि नेमकं तेच रंगवलं: डोक्याला रुमाल बांधून, डोळ्यांवर तळवे धरून मेणबत्त्यांसमोर प्रार्थना करणारी आई.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी गॅलरीच्या मालकीणबाईंनी चित्राखालची 'शब्बाथची प्रार्थना' ही पट्टी काढली आणि दुसरी चिकटवली. 'एक स्त्री.'

"धमकीचे दोन फोन आलेत," त्या म्हणाल्या. "उगाच विषाची परीक्षा कशाला?"

मी शेजारी उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. तिला हायसंच वाटलं असणार. जन्मभर तिने मला हेच तर शिकवलं होतं.

आईने त्यांच्याकडे पेन मागितलं. चष्मा लावून ती पट्टीवर वाकली, 'एक स्त्री' खोडलं आणि त्याखाली सावकाश आपलं नाव आणि आडनाव लिहिलं.

"हे कुणाचं आडनाव?" मालकीणबाईंनी विचारलं.

"माझं. माहेरचं. माझ्या वडिलांनी भीतीपोटी बदललं, त्याच्या आधीचं. आता पुन्हा फोन आला तर त्यांना हे वाचून दाखवा."



माझ्या आईचं खरं आडनाव मी त्या दिवशी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, पहिल्यांदा वाचलं.